धुरीकाकांचं एक्स्चेंज

संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात माझ्या मुलीच्या मोबाईलवर फोन केला, की पलीकडून पंचाहत्तरीच्या एका पुरुषाचा खर्जातला आवाज येतो, "बोला. कोण हवंय?"

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी भाजीगल्लीत कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी होते. सतरा वर्षांची मुलगी, तिचा फोन आणि पलीकडे हा आवाज. त्या क्षणात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. ज्यांना मुली आहेत त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना नाहीत त्यांनी सुखात राहावं. "सई कुठे आहे? तुम्ही कोण बोलताय?" मी भर बाजारात ओरडले.

"स्पष्ट बोला, ओरडू नका. लाईन चांगली आहे," आवाज म्हणाला. "सोळा नंबर अभ्यासात आहे. निरोप असेल तर सांगा. नसेल तर लाईन मोकळी करा, मागे लोक थांबलेत."

मागे कोणीही थांबलेलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. पण त्या वेळी मी इतकी गडबडले, की "येताना आलं आणायला सांगा" असा निरोप देऊन मोकळी झाले. आलं माझ्या पिशवीत होतं.

हे आमचे धुरीकाका. आमच्या इमारतीतल्या अभ्यासिकेचे सर्वेसर्वा. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा मंडळाने बिल्डरशी भांडून दोन जागा पदरात पाडून घेतल्या. एक गणपतीचं सामान ठेवायला गोडाऊन आणि दुसरी मुलांना बसायला अभ्यासिका. दोन्ही तळमजल्यावर, पार्किंगला लागून. चाळीत एका खोलीत सहा-सात माणसं राहायची, तेव्हा अभ्यासाला कोपरा मिळावा म्हणून अभ्यासिका लागायची. आता पोरांना स्वतःची खोली आहे, तिला दार आहे, दाराला आतून कडी आहे, आणि म्हणूनच अभ्यासिका जास्त लागते. कडीच्या आत पुस्तक उघडं आहे की फोन, हे आईबापाला दिसत नाही.

अभ्यासिकेत शिरताना डाव्या हाताला धुरीकाकांचा बोर्ड. गणपतीच्या सजावटीतून उरलेल्या प्लायवूडचे त्यांनी मंडळाच्या सुताराकडून कप्पे करून घेतले आणि मखराचा उरलेला सोनेरी रंग वापरून त्यांवर नंबर घातले. मुलांनी आत येताना फोनचा आवाज बंद करायचा आणि आपापल्या नंबरच्या कप्प्यात फोन उभा ठेवायचा. मग आत जाऊन अभ्यास करायचा. बोर्डासमोर एका फिरत्या खुर्चीत काका बसणार. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, केसांना तेल. कुठल्याही कप्प्यात उजेड पडला, की खुर्ची गर्रकन वळायची आणि काका फोन उचलायचे. "बोला. कोण हवंय?"

नुसते आलेले फोनच घ्यायचे हं. मेसेजला ते हात लावत नसत. "लिहिलेलं वाचणं हा गुन्हा," ते म्हणायचे. "बोललेलं पोचवणं ही ड्युटी."

काकांनी आयुष्यभर टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटरची नोकरी केली. आता ट्रंक कॉल म्हणजे काय, हे सांगायला लागणार. परगावी फोन लावायचा असला, की आधी तो नोंदवायचा आणि मग वाट बघत बसायचं. कधी तासभर, कधी दिवसभर. मग ऑपरेटर लाईन जोडून देणार, "बोला" म्हणणार, आणि तीन मिनिटं झाली की तुमच्या बोलण्यात पडून विचारणार, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं?" वाढवायचं तर आणखी तीन मिनिटांचे पैसे. पुढे घरोघरी थेट फोन लागायला लागले, ट्रंक बोर्ड गेला, काकांना कुठल्याशा टेबलावर बसवलं आणि यथावकाश ते निवृत्त झाले. पण ती तीन मिनिटं काही निवृत्त झाली नाहीत.

सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी पाणीपट्टीवर बोलायला उभे राहिले, की मागच्या रांगेतून आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं?" सभा एकमुखाने "नको" म्हणायची. काकांच्या लोकप्रियतेचं हे मुख्य कारण होतं. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत कथा रेंगाळली तेव्हा त्यांनी भटजींनाही विचारलं. भटजींनी शेवटचा अध्याय आगगाडीच्या वेगाने उरकला.

काकांच्या दोन भाषा होत्या. बोर्डावर असताना रेडिओवरच्या बातम्यांसारखी शुद्ध मराठी. "कृपया", "प्रतीक्षा करा", "आपला आवाज पोचत नाही". बोर्डावरून उठले की मालवणी. त्यामुळे काका ड्युटीवर आहेत की नाहीत हे घड्याळ न बघता कळायचं.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय मी सईला या माणसाच्या ताब्यात का दिलं ते कळायचं नाही. मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे मी फळ्यासमोर उभी राहून बोलते आणि मुलं मांडीकडे बघून ऐकतात. बाकाखालून येणारा तो निळसर उजेड हनुवटीवर पडलेला असतो. मागणी आणि पुरवठा चालू असताना एकदम चार जण हसतात, तेव्हा मी विनोद केलेला नसतो. सुरुवातीची काही वर्षं मी फोन काढून घ्यायचे. मग पालक भेटायला यायचे, फोन परत मागायला. मार्कांबद्दल विचारायला त्यांतलं कोणी कधी आलं नाही. शेवटी मी हात टेकले. आमच्या स्टाफरूममध्ये तरी वेगळं काय आहे? सगळे मान खाली घालून बसलेले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सई दहावीपर्यंत पुस्तक घेऊन बसली की तिला हाक ऐकू जायची नाही. बारावीला आल्यावर तिला न वाजलेला फोनसुद्धा ऐकू यायला लागला. दोन ओळी वाचायच्या, फोन उलटा करून बघायचा, परत पालथा ठेवायचा, मग त्याच दोन ओळी पहिल्यापासून. काढून घ्यावा तर नोट्स त्यात, लेक्चर त्यात, कॉलेजची सूचना त्यात. फोन घेतला तर अभ्यास बुडतो आणि दिला तरी बुडतो. तिचे बाबा नोकरीसाठी पुण्याला, शनिवारी येणार, रविवारी लाडाने बोलणार, सोमवारी जाणार. भांडायला मी एकटी. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांशी भांडून आल्यावर माझ्यात आपल्या मुलीशी भांडायचं त्राण उरत नसे. म्हणून मी तिला खाली काकांकडे धाडलं.

मी पहिल्यांदा अभ्यासिकेत डोकावले तेव्हा मला हसावं की रडावं ते कळेना. मुलांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून काका फोन बाहेर ठेवून घेत होते, आणि प्रत्येक निरोप स्वतः आत नेऊन देत होते. चप्पल बाहेर काढून, चवड्यांवर चालत, दबक्या आवाजात. पण वर्षानुवर्षं लांबच्या लाईनवर बोललेल्या माणसाचा दबका आवाज म्हणजे काय, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. "एकवीस नंबर, आई विचारते, डबा खाल्लास का?" हे पार्किंगमधल्या वॉचमनलासुद्धा ऐकू जायचं. वॉचमन तिकडून "खाल्ला" म्हणून उत्तर द्यायचा.

एका मुलीने एका मुलाचा नंबर 'केमिस्ट्री नोट्स' या नावाने ठेवला होता. काकांनी फोन घेतला, निरोप ऐकला, चवड्यांवर आत गेले आणि म्हणाले, "सात नंबर, केमिस्ट्री नोट्स विचारतायत, रविवारी दादरला येणार का? घरी काय सांगायचं ते त्यांनी ठरवलेलं आहे." सगळी अभ्यासिका पुस्तकांतून वर आली. सात नंबर आठवडाभर आली नाही, आणि आली तेव्हा फोनमधला तो नंबर 'मावशी' झालेला होता. मावशीचा आवाज घोगरा असल्याचं काकांनी कोणाला सांगितलं नाही. खात्यातली सवय.

कर्ज देणाऱ्या कंपनीतल्या मुलींचे फोन यायचे. काका त्यांनाही तीन मिनिटं देत. एकीला त्यांनी शेवटी विचारलं, "सकाळपासून बोलताय, जेवलात का?" दुसऱ्या दिवशी तिने परत फोन केला, तो कर्जासाठी नव्हता.

आणि हिराबाई. शिवडीला मासे विकतात. त्यांचा मुलगा सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करायला आमच्याकडे येऊन बसायचा. पहिल्या फोनला हिराबाईंनी काकांची सालं काढली. "कोन रे तू? माज्या पोराचा फोन तुज्याकडं कसा?" काका शांतपणे म्हणाले, "अभ्यासिका एक्स्चेंज. मुलगा अभ्यासात आहे. निरोप बोला." निरोप इतकाच होता, की बोंबील ठेवलेत, वेळेवर ये. पण मग रोज पाटी उचलल्यावर हिराबाईंचा फोन यायला लागला. निरोप देऊन झाला, की बोलणं त्यांच्या गुडघ्याकडे वळायचं. गुडघ्यावरून डॉक्टर, डॉक्टरवरून सून, सुनेवरून पापलेटचा भाव. काका "हं, हं" करत ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं?" तिकडून आवाज यायचा, "वाढव रे बाबा, कोन ऐकतंय दुसरं." हे मी बोर्डाजवळ उभी राहून ऐकलेलं आहे. हिराबाईंचा आवाज फोनच्या बाहेर सांडायचा.

सात ते आठ ही काकांची गर्दीची वेळ. बोर्डावर इथे उजेड, तिथे उजेड, खुर्ची गरगर फिरतेय, एका कानाला एक फोन, दुसऱ्या हातात दुसरा, "होल्ड करा, होल्ड करा" चाललंय. त्या तासात काका चाळिशीचे दिसायचे.

आणि गंमत म्हणजे अभ्यास होत होता. एवढा धिंगाणा चालूनही होत होता. मी एकदा सईला विचारलं, "त्यांच्या निरोपांनी लक्ष जात नाही तुझं?" ती म्हणाली, "जातं ना. पण काका सांगून निघून जातात. फोन जात नाही." मी इतकी वर्षं पोरांपुढे भाषणं ठोकली, पण हे एक वाक्य मला सुचलं नव्हतं. पहिल्या चाचणीत सईला फिजिक्समध्ये बरे मार्क पडले, आणि मी काकांना मालवणी खाज्याचं पाकीट नेऊन दिलं. त्यांनी ते बोर्डाच्या कप्प्यात ठेवलं. मुलं जाता-येता त्याला हात लावून गेली.

दिवाळीनंतर कुठेतरी बिनसलं. माझ्या चटकन लक्षात आलं नाही, कारण तेव्हा माझ्या डोक्यावर पेपरांचा ढीग होता आणि त्यात नवीन परीक्षा पद्धत. संध्याकाळी लिफ्टकडे जाताना मला बोर्ड दिसायचा. कप्पे भरलेले असायचे, काका खुर्चीत असायचे. सगळं ठीक आहे असं वाटून मी वर जायचे. मला वर जाऊन बसायचं असायचं, बाकी काही नाही.

एकदा काकांनी मला लिफ्टपाशी थांबवलं. "मास्तरीणबाई, शिवडीच्या हिराबाईचा काय कळला? गुडघ्याचा ऑपरेशन करतलंय म्हणत होती."

मी म्हटलं, "मला कसं कळणार, काका? तुमच्याशीच बोलतात ना त्या?"

"हल्ली फोन नाय तिचो," ते म्हणाले. "बरी आसा मा, कोणाक ठावक." मी "असतील हो बऱ्या" म्हणून लिफ्टचं बटण दाबलं.

मग सईची पूर्वपरीक्षा झाली आणि फिजिक्सचा पेपर हातात आला. मी आकडा सांगत नाही. तिने तो पेपर माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. "रोज तीन तास खाली बसतेस ना गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "बसते." त्यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बँकेचं काहीतरी शोधताना मी ड्रॉवर उघडला. माझा जुना फोन तिथे असायचा, कोपऱ्याला तडा गेलेला. वर्षभर सिमशिवाय पडून होता. तो नव्हता. मी ड्रॉवर तळापासून परत चाळला. मग सईच्या नंबरवर फोन लावला.

"बोला, कोण हवंय" आलं नाही. सई कुजबुजली, "काय आहे, आई? मी अभ्यासिकेत आहे ना." मागे नळ गळत होता. ती बाथरूममध्ये होती.

मी फोन ठेवला आणि खाली गेले. लिफ्टमध्ये मी बरीच वाक्यं तयार केली. सईसाठी काही, आणि खरं सांगायचं तर काकांसाठी जास्त. एवढा बोर्ड मांडून बसलाय, पोरं तुमच्या डोळ्यांसमोर बंद पडलेले फोन ठेवून खरे फोन आत नेतात आणि तुम्हाला पत्ता नाही? दिवसभर वर्गात जे मला करता येत नाही ते इथे कोणीतरी करतंय, या एका गोष्टीवर मी टिकून होते. तेही गेलं म्हणून माझं डोकं फिरलं होतं.

काका पाठमोरे बसले होते. गर्दीची वेळ होती आणि बोर्डावर एकाही कप्प्यात उजेड नव्हता. कप्पे मात्र सगळे भरलेले. जवळ गेल्यावर मला दिसलं, की कोणाची काच फुटलेली, कोणाची पाठ रबरबँडने बांधलेली, दोन-तीन तर बटणांचे फोन, कोणाच्या तरी आजोबांचे. काका मांडीवर एक फोन घेऊन पंच्याने पुसत होते. पुसून झाला, की त्याला चार्जरची वायर लावत होते. बोर्डाच्या बाजूला त्यांनी चार्जर टांगून ठेवले होते, जाड पिनेचे, बारीक पिनेचे, सगळ्या जातीचे. मांडीवरचा फोन माझा होता. तडा मी ओळखला.

"काका, हा सईचा फोन नाही," मी म्हटलं. "हा बंद फोन आहे. पोरं तुम्हाला फसवतायत."

ते वळले नाहीत. खुर्ची गर्रकन फिरली नाही, हे मला फार विचित्र वाटलं.

"माका ठावक आसा," ते म्हणाले. ड्युटीच्या वेळात मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच मालवणी ऐकली. "सोळा नंबर दिवाळीपासून डेड आसा. पयलो एकवीस गेलो. मगे सात. आता सगळो बोर्डच डेड."

"मग त्यांना पकडत का नाही? कमिटीला सांगा. मी सांगते."

"नको गो बाय." आता ते वळले. "कमिटी वाटच बघता. म्हणतत, हल्ली कोण फोन बाहेर ठेवता? वायफाय घालूया, बोर्ड काढूया. मी पोरांक पकडलंय तर पोरां येवची नाय, आणि कमिटीक सांगितलंय तर बोर्ड जातलो." त्यांनी पंचा घडी करून मांडीवर ठेवला. "मगे मी बसू खंय?"

वर घर आहे की, असं मी म्हणणार होते. काका पुतण्याकडे राहतात, नवव्या मजल्यावर. चांगली माणसं आहेत, त्यांना वेळेवर औषधं देतात.

ते त्यांना न विचारताच कळलं असावं. "घरात सगळी बरी आसत," ते म्हणाले. "जेवूक वाढतत, हवा-नको बघतत. पण जेवताना सगळ्यांच्या तोंडार तो दिवो. मी आपलो काळोखात जेवतंय. इथे कसा, कोणाची तरी आवस फोन करी, पोरगो जेवलो काय, पोरगी खोकता काय. माझ्याशी नाय, पण माझ्या कानात तरी बोलत."

अभ्यासिकेच्या आत मुलं माना खाली घालून बसली होती. बाकांखाली तो निळसर उजेड होताच. मी तो कुठेही ओळखते.

"मग या फोनांना चार्जिंग कशाला लावता?" मी विचारलं. "त्यांत सिम नाही, काका. ते वाजणार नाहीत."

"तां माका कळता मा," ते म्हणाले. तेवढ्यात माझ्या जुन्या फोनमध्ये थोडी वीज शिरली आणि त्याची फुटकी काच उजळली. काकांनी तो दोन्ही हातांनी सोळा नंबरच्या कप्प्यात उभा केला. "वाजणा नाय. पण दिवो तरी लागता."

तयार केलेलं एकही वाक्य न बोलता मी वर आले.

सई नऊनंतर आली ती तोंड पाडून. मी फोन ठेवला तेव्हाच तिला कळलं होतं. मी भांडले नाही. भांडायला अंगात जोर लागतो. मी तिला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि खाली जे झालं ते सांगितलं. चार्जर सांगितले, हिराबाईंचा गुडघा सांगितला, दिव्याचंही सांगितलं. ती ताटात बोट फिरवत ऐकत होती.

"म्हणजे काकांना पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलले का नाहीत?"

"तुम्ही पोरं यायची बंद व्हाल म्हणून."

तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "आई, मला एक पान सलग वाचता येत नाही गं. खरंच येत नाही. जवळ असला की बघावाच लागतो. मी तो ठेवते ना बाजूला, तर मला वाटतं, सगळे कुठेतरी गेलेत आणि मीच राहिलेय." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला तिची भयंकर दया आली. मार्क कमी पडले म्हणून ती रडली असती तर मी चार शब्द सुनावले असते. पण हे माझंही होतं. मी तिच्या ताटात भात वाढला. त्याहून शहाणं मला काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर सई टेबलाशी बसून कानातल्याच्या दांडीने तिच्या फोनमधला सिमचा कप्पा उघडत होती. सिम काढून तिने जुन्या, तडा गेलेल्या फोनमध्ये घातलं. सिम नसलेला नवा फोन माझ्या हातात दिला. "तुझ्या कपाटात ठेव. परीक्षा होईपर्यंत मागितला तरी देऊ नकोस. मी मागणार आहे, आधीच सांगते." मग दप्तर उचलून दारात थांबली. "आणि साडेसातला खाली फोन कर."

"कशाला? काय बोलू?"

"ते तू बघ," ती म्हणाली आणि गेली.

साडेसातला मी ओट्यापाशी होते. कुकर झाला होता, भाजी अजून गॅसवर होती. मी फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मला वाटलं काका आज आलेच नाहीत की काय. खाली त्या सोळा नंबरच्या कप्प्यात खरा उजेड पडला असेल आणि त्यांचा त्यावर विश्वास बसत नसेल, हे मला मागाहून सुचलं.

मग फोन उचलला गेला. घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बोला. कोण हवंय?"

"सई," मी म्हटलं.

"सोळा नंबर अभ्यासात आहे." आवाज किंचित हलला आणि परत शुद्ध झाला. "निरोप असेल तर सांगा."

निरोप मी ठरवलाच नव्हता. "आज तोंडली केलीयत," मी म्हटलं. "तिला आवडत नाहीत. तरी खायला लागतील म्हणावं."

"तोंडली. पोचवतो," काका म्हणाले. पण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही. मग मी सांगत गेले. आज वर्गात एकाने मला प्रश्न विचारला, शेवटच्या बाकावरच्या मुलाने, चक्क माझ्याकडे बघून, आणि मला इतका आनंद झाला की उत्तरच नीट देता आलं नाही. पेपर संपत नाहीत. सईचे बाबा या शनिवारी येत नाहीयत. डाव्या खांद्यातून कळ येते, तो फळ्यावर लिहायचा हात नाही तरी. यातलं काहीच सईला पोचवायचं नव्हतं. पलीकडून फक्त "हं, हं" येत होतं, आणि मला जाणवलं, की एवढं सलग मी कितीतरी दिवसांत कोणाशी बोललेले नाही. दिवसभर बोलणं हाच माझा धंदा आहे, आणि ऐकणाऱ्याची मान वर आहे की खाली याची काळजी न करता मी आज प्रथमच बोलत होते.

"तीन मिनिटं झाली," काका म्हणाले. नेहमीसारखं त्यांनी ते एका दमात म्हटलं नाही. मध्ये थांबले. मागे खुर्ची करकरली. "वाढवायचं?"

मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून खाली फरशीवर बसले.

"वाढवा, काका," मी म्हटलं.